लाकडी हॉकी स्टिकपासून कंपोझिट स्टिकपर्यंत : क्रीडासाधनातील स्थित्यंतर आणि खेळाडूचा हात

प्रास्ताविक

ग्रामीण महाविद्यालयाच्या जिमखान्यात हॉकीच्या स्टिक ज्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवलेल्या असतात, तेथे बहुधा दोन पिढ्या शेजारी शेजारी नांदत असतात. एक पिढी तुतीच्या लाकडाची. तिच्या मुठीवरील कापड काळे पडलेले, बाकावर दोन-तीन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली, कड घासून बोथट झालेली. दुसरी पिढी कंपोझिटची, म्हणजे कार्बन व काच यांच्या तंतूंची. ती हलकी, चकचकीत आणि टणक असते. नवा खेळाडू दुसरीकडे धाव घेतो. जुना खेळाडू, विशेषतः ज्याने शालेय वयापासून एकाच स्टिकवर हात बसविला आहे, तो पहिली सोडावयास तयार नसतो. क्रीडाशिक्षकाच्या दृष्टीने हा हट्ट असतो, खेळाडूच्या दृष्टीने तो विश्वास असतो. या दोहोंपैकी कोणाचे म्हणणे कितपत खरे आहे, हे साधनाच्या घडणीत शिरल्याखेरीज सांगता येत नाही.

लातूर जिल्ह्यात नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत असलेला जळकोट तालुका १९९९ मध्ये अस्तित्वात आला. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील हा परिसर मुरमाड माळरानाचा आहे. तेथे खेळाचे मैदान म्हणजे मुरूम पसरून व दाबून तयार केलेली सपाटी. शेजारच्या नांदेड शहरात गुरू गोबिंदसिंघजी यांच्या नावाने भरणारी अखिल भारतीय गोल्ड व सिल्व्हर कप हॉकी स्पर्धा अनेक दशकांची आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतील संघ तेथे येतात आणि त्यांच्या हातांतील साधने या भागातील मुले डोळे भरून पाहतात. पाहिलेले साधन आणि पायाखालचे मैदान यांत अंतर आहे. स्टिक बदलण्याच्या प्रश्नाचा उगम याच अंतरात आहे. प्रस्तुत लेखात हा प्रश्न साधनाचा पदार्थ, मैदानाचा पृष्ठभाग आणि खेळाडूची सवय या तीन अंगांनी तपासला आहे.

तुतीचे लाकूड

मराठवाड्यातील वाचकाला तुती ठाऊक आहे ती रेशीमशेतीमुळे. रेशीमकिड्यांना पाला मिळावा म्हणून छाटून छाटून ठेंगणी राखलेली झुडपे बांधापलीकडे दिसतात. हॉकी स्टिकची तुती त्याच कुळातील, परंतु उत्तर भारतात वाढू दिलेल्या वृक्षाच्या खोडाची. हे लाकूड चिवट असते, आघात सोसते आणि वाफेवर तापविले असता सहज वाकते. हा शेवटचा गुण निर्णायक ठरला. इंग्लंडमध्ये हॉकीची स्टिक प्रामुख्याने अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची होत असे. ते फार आखूड वळणात वाकत नाही, म्हणून जुन्या इंग्रजी स्टिकचा बाक लांबट असे. तुती आखूड वळणात वाकते. त्यामुळे भारतीय स्टिकचे डोके लहान व आटोपशीर झाले आणि चेंडूच्या उजव्या-डाव्या बाजूला ती झटक्यात फिरविता येऊ लागली. ज्याला जगाने भारतीय शैलीचे चेंडूनियंत्रण म्हटले, त्याच्या मुळाशी मनगटाइतकाच या लाकडाचाही वाटा होता.

जुन्या पद्धतीत दांडा वेताचा असे व तो डोक्याच्या लाकडात पाचर बसवावी तसा बसवून सरसाने सांधीत. सांध्यावर दोरा गुंडाळला जाई. वेत लवचीक असल्यामुळे फटक्याचा हादरा हातापर्यंत पोहोचेतो मवाळ होत असे. फाळणीपूर्वी या उद्योगाचे मोठे केंद्र सियालकोट हे होते. १९४७ नंतर तेथील अनेक कारागीर जालंधर व मेरठ येथे स्थायिक झाले आणि भारतातील क्रीडासाहित्याचा व्यवसाय या दोन शहरांभोवती वाढला. मराठवाड्यातील शाळांपर्यंत ज्या स्टिक पोहोचल्या त्या बहुतांशी तेथल्याच.

लाकडी स्टिकविषयी एक गोष्ट सहसा नोंदविली जात नाही. कोणत्याही दोन लाकडी स्टिक एकसारख्या नसतात. लाकडाचे रेषे कोठे सरळ, कोठे तिरपे, एका खोडाची घनता दुसऱ्यापेक्षा निराळी, त्यामुळे वजन, तोल आणि ठोक्याचा आवाज प्रत्येकीचा वेगळा असतो. खेळाडू दुकानात दहा स्टिक उचलून एक निवडीत असे, ती उगाच नव्हे. पुढे वापरात तिची कड त्याच्याच मारण्याच्या सवयीनुसार झिजत जाई. दोन वर्षांनी ती स्टिक दुसऱ्याच्या हातात दिली तर त्याला ती वाकडी वाटे आणि मूळ मालकाला दुसरी कोणतीही स्टिक परकी वाटे. ज्याला जिव्हाळा म्हणावयाचे त्याचा बराचसा भाग हा असा शरीरात साठलेला तपशील असतो.

शिवाय लाकडी स्टिक दुरुस्त होते. चीर गेली तर सरस भरून, दोरा आवळून आणि वर पट्टी गुंडाळून ती पुन्हा मैदानात उतरविता येते. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या धनराज पिल्ले यांच्या बालपणीचा तपशील सर्वश्रुत आहे. मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन, धुळीच्या मैदानावर त्यांनी हॉकीचे प्राथमिक धडे गिरविले. पुढे १९९२ ते २००४ या काळात ते सलग चार ऑलिंपिक स्पर्धा खेळले आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. गरीब घरातील मुलाला हॉकी खेळता आली याचे एक साधे कारण असे की मोडलेली लाकडी स्टिक ही संपलेली स्टिक नव्हती. कंपोझिट स्टिकबाबत तसे म्हणता येत नाही.

मैदान आधी बदलले

भारतीय हॉकीच्या ऱ्हासाची चर्चा करताना कृत्रिम मैदान आणि आधुनिक स्टिक ही दोन कारणे एका दमात सांगण्याची प्रथा पडली आहे. कालक्रम पाहिला तर ती जोडी सैल होते. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे गवती मैदानावर भारताने पाकिस्तानला २–१ असे हरवून विश्वचषक जिंकला. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानी फेकला गेला. १९२८ पासून ऑलिंपिक हॉकीत पदकावाचून परतण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या वर्षी स्टिक मात्र सर्वांच्याच लाकडाच्या होत्या. म्हणजे पहिला धक्का पायाखालून बसला, हातातून नव्हे.

चार वर्षांनी, १९८० मध्ये, मॉस्को येथे कृत्रिम मैदानावरच भारताने सुवर्णपदक मिळविले. अनेक बलाढ्य संघांनी बहिष्कार घातल्यामुळे त्या यशाचे मोल कमी केले जाते व त्यात तथ्य आहे. तरीही लाकडी स्टिकने कृत्रिम मैदानावर खेळताच येत नाही हे विधान त्याने निकालात निघते. उलट बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी भारताचा पुरुष संघ पात्रच ठरला नाही आणि २०१२ मध्ये लंडन येथे तो बारा संघांत बारावा आला. तोपर्यंत खेळाडूंच्या हातांत कंपोझिट स्टिक येऊन बरीच वर्षे झाली होती. त्याच प्रकारच्या स्टिकने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे कांस्यपदके मिळाली. स्टिकच्या पदार्थावरून पदकांचा हिशेब मांडता येत नाही, हे यावरून पुरेसे स्पष्ट होते.

मग स्टिक बदलली ती का? कृत्रिम मैदानावर चेंडू उसळत नाही, सरळ व वेगाने धावतो. सामन्यापूर्वी असे मैदान पाण्याने भिजविण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे घर्षण आणखी घटले. अशा मैदानावर लांब पल्ल्याचा जोरदार पास आणि गोलवरचा वेगवान फटका यांचे मोल वाढले. ओले मैदान लाकडाला मानवत नाही. ते पाणी शोषते, जड होते, फुगते आणि वाळताना चिरते. चामड्याचा चेंडूही याच कारणाने मागे पडला व प्लॅस्टिकचा कठीण चेंडू आला. आधी मैदान, मग चेंडू आणि त्यांच्या पाठोपाठ स्टिक अशी ही साखळी आहे. तिच्यातील शेवटचीच कडी उचलून जळकोटच्या मुरमावर आणून ठेवली तर काय होईल, हा या विषयातील खरा व्यावहारिक प्रश्न आहे.

शेजारच्या खेळातील साक्ष

आवडते लाकडी साधन टाकून नवे घेण्याचा प्रसंग गोल्फमध्ये अधिक ठळकपणे घडला आहे. हा खेळ मराठवाड्याच्या परिचयाचा नाही; महाराष्ट्रात तो मुंबई, पुणे अशा शहरांतील क्लबांपुरता राहिला. परंतु तेथील स्थित्यंतराची नोंद इतकी नेटकी आहे की तुलनेसाठी ती घेणे सोयीचे ठरते.

गोल्फमध्ये पहिला लांब फटका ज्या दांड्याने मारतात त्याला ड्रायव्हर म्हणतात. जवळजवळ संपूर्ण विसावे शतक त्याचे डोके पर्सिमन नावाच्या अमेरिकन वृक्षाच्या लाकडाचे असे. हा वृक्ष आपल्याकडील तेंदूचा, म्हणजे टेंभुर्णीचा, सगोत्र आहे. ज्याच्या पानांत किनवटच्या जंगलाकडील मजूर विडीचे पान पाहतात, त्याच्या दूरच्या भावंडाचे लाकूड अमेरिकेत श्रीमंतांच्या खेळात चमकत होते, ही गंमत सहज लक्षात राहावी अशी आहे. १९७९ मध्ये टेलरमेड या कंपनीने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आणला. खेळाडूंनी आधी त्याची चेष्टा केली, कारण ठोक्याचा आवाज लाकडासारखा गोड नव्हता. १९९१ मध्ये कॅलवे कंपनीचा बिग बर्था आला, त्याचे पोलादी डोके आकाराने मोठे होते. १९९५ मध्ये त्याच मालिकेत टायटॅनियम वापरले गेले. १९९७ च्या मास्टर्स स्पर्धेत जर्मनीचे बर्नहार्ड लँगर लाकडी ड्रायव्हर घेऊन उतरले आणि त्या स्पर्धेत तसा ड्रायव्हर वापरणारे ते शेवटचे खेळाडू मानले जातात. त्याच स्पर्धेत धातूचा ड्रायव्हर वापरणाऱ्या तरुण टायगर वुड्सने १२ फटक्यांच्या फरकाने विजय मिळविला. लाकडाचा काळ संपला तो असा, अठरा वर्षांत.

येथे भौतिकशास्त्राचा भाग समजून घेणे आवश्यक आहे. धातूचे डोके पोकळ करता येते, म्हणून तेवढ्याच वजनात ते मोठे होते आणि वजन मध्यापासून दूर, कडेला पसरविता येते. असे डोके फटका मध्याला न लागता कडेला लागला तरी फारसे पिळवटत नाही आणि चेंडू बऱ्यापैकी सरळ जातो. दुसरी गोष्ट, टायटॅनियमचा पातळ मुखवटा आघाताच्या क्षणी किंचित आत दबून परत उसळी घेतो. लाकडाच्या कठीण मुखावर चेंडू स्वतः चेपला जातो व त्यात ऊर्जा वाया जाते. नवा मुखवटा दबण्याचे काम स्वतःकडे घेतो, त्यामुळे चेंडूतील ऱ्हास घटतो. हा परिणाम इतका वाढला की नियामक संस्थेला १९९८ मध्ये उसळीची व २००४ मध्ये डोक्याच्या आकारमानाची मर्यादा घालावी लागली. ती आकारमानाची मर्यादा ४६० घनसेंटिमीटर आहे. लाकडी डोके त्याच्या निम्म्याहूनही लहान असे.

गोल्फपटू जुन्या ड्रायव्हरला चिकटून राहिला तर त्याचे नुकसान मोजता येते. त्याचा चेंडू काही अंतर मागे पडतो आणि चुकलेला फटका अधिक चुकतो. बदलाच्या बाजूने एवढा स्वच्छ निकाल हॉकीत मिळत नाही. गोल्फचा चेंडू उभा असतो, तो फक्त मारावयाचा असतो. हॉकीचा चेंडू अंगावर येतो आणि मारण्यापूर्वी तो थांबवावा लागतो. तुलनेची मर्यादा येथे सुरू होते.

नव्या स्टिकची घडण

कंपोझिट स्टिक ही तंतू आणि राळ यांची बनलेली पोकळ नळी असते. कार्बनचे, काचेचे आणि अरामिड जातीचे तंतू विशिष्ट कोनांत एकावर एक रचून इपॉक्सी राळेत भिजवितात व साच्यात दाब आणि उष्णता देऊन घट्ट करतात. प्रत्येक तंतूचे काम निराळे आहे. कार्बन ताठरपणा देतो, काच लवचीकता व स्वस्ताई देते, अरामिड आघात व कंप शोषते. लाकडात रेषांची दिशा निसर्गाने ठरविलेली असते, येथे ती कारखान्यात ठरते. त्यामुळे एका नमुन्याच्या शंभर स्टिक जवळजवळ सारख्या निघतात. बदल एका रात्रीत झाला नाही. मधल्या काळात लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली डोकी आली, लाकडावर काचतंतूंचे आवरण चढले आणि १९९० च्या दशकानंतर लाकूड हळूहळू आतूनही नाहीसे झाले. धातूचे डोके मात्र सुरक्षिततेच्या कारणास्तव नियमांना मान्य नाही.

फटका मारताना चेंडू आणि स्टिक यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे एक-हजारांश भाग टिकतो. या अल्प काळात लाकडी दांडा वाकतो आणि थरथरतो. त्या थरथरीत गेलेली ऊर्जा चेंडूला मिळत नाही. ताठर दांड्यात हा ऱ्हास कमी होतो. शिवाय स्टिक हलकी असल्यामुळे ती अधिक वेगाने फिरविता येते. सध्याच्या स्टिकचे वजन साधारण ५३० ते ५५० ग्रॅम असते, जुन्या स्टिक सर्रास याहून जड असत. नियमाने कमाल वजन ७३७ ग्रॅम आहे, परंतु त्याच्या जवळपासही आज कोणी जात नाही. चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम या मर्यादेतच राहिले आहे, तेव्हा वाढलेला वेग स्टिकच्या खात्यावर जमा करावा लागतो.

नियमकर्त्यांनी येथेही वेसण घातली आहे. चाचणीच्या स्थितीत चेंडूचा वेग स्टिकच्या डोक्याच्या वेगाच्या ९८ टक्क्यांहून अधिक होता कामा नये, असे बंधन आहे. संपूर्ण स्टिक, तिच्यावर गुंडाळलेल्या पट्ट्यांसह, ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार झाली पाहिजे. या एका कड्याने हॉकीला गोल्फच्या वाटेने जाऊ दिले नाही, कारण डोके मोठे करण्याची सोयच उरली नाही. म्हणून कारखानदारांचे लक्ष दांड्याच्या लांबीकडे असलेल्या बाकाकडे वळले. स्टिक धनुष्यासारखी किंचित वाकलेली असली की पेनल्टी कॉर्नरच्या वेळी चेंडू तिच्या अंगावरून ओढत नेऊन गोफणीसारखा भिरकावता येतो. यालाच ड्रॅग फ्लिक म्हणतात. बाक अतोनात वाढू लागला तेव्हा २००६ मध्ये त्याची मर्यादा २५ मिलिमीटर ठरविण्यात आली. लाकडातही असा बाक देता येतो, परंतु तो ऋतुमानानुसार बदलतो. तंतूंच्या स्टिकमध्ये तो कायम राहतो. स्टिकच्या कडेने उलट्या बाजूस मारावयाचा फटकाही नव्या साधनानेच प्रचारात आणला. लाकडाच्या कडेवर एवढा आघात वारंवार दिला तर रेषे उकलतात.

क्षमा आणि कठोरता

आतापर्यंतचे विवेचन मारण्यासंबंधी झाले. थांबविण्याचा विचार केला की पारडे दुसरीकडे झुकते.

वेगाने आलेला चेंडू स्टिकला लागून तेथेच विसावला पाहिजे. त्यासाठी आघाताची ऊर्जा कोठेतरी जिरली पाहिजे. जो गुण फटक्याच्या वेळी दोष ठरतो, तोच येथे उपयोगी पडतो. लाकूड थरथरते, ऊर्जा गिळते, चेंडू मऊपणे थांबतो. ताठर कार्बनवरून तो परत उसळतो. गोल्फचा नवा ड्रायव्हर चुकीला सर्वार्थाने क्षमा करतो. हॉकीची नवी स्टिक मारताना क्षमाशील आणि थांबविताना कठोर असते. मुठीची पकड ढिली ठेवणे, चेंडूच्या दिशेने स्टिक किंचित मागे घेणे, दांड्याचा कोन पुढे झुकता ठेवणे ही कामे लाकूड काही अंशी खेळाडूच्या वतीने करीत होते. आता ती सर्वच्या सर्व हाताने करावयाची असतात.

म्हणूनच स्टिकवर छापलेल्या कार्बनच्या टक्केवारीचा अर्थ नीट लावणे अगत्याचे आहे. दुकानदार ती दर्जाची खूण म्हणून सांगतो आणि खरेदी समितीही तसेच समजते. वस्तुतः ती ताठरपणाची खूण आहे. ९० टक्क्यांच्या वरची स्टिक ज्याचा फटका घडलेला आहे आणि थांबा पक्का आहे अशा प्रौढ खेळाडूसाठी असते. नवशिक्याच्या हाताला कमी कार्बनची, काचतंतू अधिक असलेली स्टिक मानवते आणि ती स्वस्तही असते. महाविद्यालयाने उत्तम ते घ्यावे या सद्हेतूने महागडी ताठर स्टिक प्रथम वर्षाच्या मुलीच्या हातात दिली, तर चेंडू तिच्या स्टिकवरून उडत राहतो. दोष मात्र तिच्या कौशल्याला दिला जातो.

आता मुरमाच्या मैदानाचा विचार करावा. तेथे चेंडू खड्यावर आदळून अचानक उसळतो. पायाला, नडगीला लागतो. खेळाडूला शेवटच्या क्षणी स्टिक वळवून त्याला कसाबसा दाबावा लागतो. अशा वेळी मऊ, ऊर्जा गिळणारे मुख उपयोगी पडते. शिवाय मुरूम हा सँडपेपरसारखा असतो. लाकूड त्यावर घासले की झिजते, परंतु झिजूनही ते लाकूडच राहते. कंपोझिट स्टिकचे तळचे थर घासले गेले की तंतू मोकळे होतात, त्यांची टोके हाताला बोचतात आणि आतील पोकळी उघडी पडली की स्टिक निकामी होते. उन्हात तापलेल्या वाहनाच्या टपावर नव्या स्टिकचा गठ्ठा बांधून नेण्याची रीतही राळेला अपायकारक आहे. तेव्हा केवळ मुरमाच्या मैदानावर खेळणाऱ्या आणि तेथेच थांबणाऱ्या खेळाडूने आवडती लाकडी स्टिक टाकू नये, असा शास्त्रीय निर्णय निघतो. त्याचा हट्ट येथे योग्य ठरतो.

निवडीच्या दिवशी काय घडते

अडचण अशी की गुणी खेळाडू तेथेच थांबत नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून त्याची विद्यापीठाच्या संघासाठी निवड झाली, तेथून तो पुढे गेला, तर कधीतरी त्याला पुण्याच्या बालेवाडीसारख्या कृत्रिम मैदानावर उतरावे लागते. तेथे चेंडू उसळत नाही, पण त्याच्या अंदाजाहून लवकर येतो. प्रतिस्पर्ध्याचा पास त्याच्या ओळखीच्या वेगाचा नसतो. त्याची लाकडी स्टिक ओल्या मैदानावर जड होते. हे ओळखून कोणीतरी त्याला आदल्या दिवशी नवी कंपोझिट स्टिक देते. आणि ज्या हाताने दहा वर्षांत चेंडू कधी सोडला नाही, त्या हातातून तो निवड समितीसमोर तीनदा निसटतो.

यात साधन वाईट नसते आणि खेळाडूही कच्चा नसतो. मेंदू आणि स्नायू यांच्यातील जुळणी विशिष्ट वजनाशी, तोलाशी व कंपाशी बांधलेली असते. ठोक्याचा आवाज हाही त्यातील एक संकेत असतो. चेंडू मध्यावर लागला की कडेला, हे खेळाडूला डोळ्यांआधी कान व तळहात सांगतात. नव्या स्टिकचा आवाज वेगळा, हादरा वेगळा, म्हणून काही काळ तो अक्षरशः बहिरा होऊन खेळतो. ही भाषा पुन्हा शिकता येते, फक्त तिला आठवडे लागतात, एक रात्र पुरत नाही. गोल्फमधील कसलेल्या व्यावसायिक खेळाडूंनीही धातूचा ड्रायव्हर स्वीकारताना पहिली तक्रार अंतराची नव्हे, आवाजाची व हाताला येणाऱ्या संवेदनेची केली होती. ती तक्रार हळवेपणाची समजली गेली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती नेमकी होती.

यावरून बदलाची रीत ठरविता येते. ज्या खेळाडूची पुढे जाण्याची शक्यता दिसते, त्याच्या हाती हंगाम सुरू होण्यापूर्वीच मध्यम ताठरपणाची कंपोझिट स्टिक द्यावी. सुरुवातीला तिने फक्त चेंडू थांबविण्याचा सराव करावा. मारण्याचा मोह प्रथम आवरावा, कारण नव्या स्टिकचा फटका पहिल्याच दिवशी सुखावतो आणि खरा दोष झाकला जातो. जुन्या स्टिकच्या जवळपासचे वजन व लांबी निवडावी. संपूर्ण संघाचा सराव मुरमावर चालू असताना या स्टिकची कड जपण्यासाठी तळाला पट्टी लावता येते, मात्र ५१ मिलिमीटरच्या कड्यातून ती पार होते ना हे पाहावे. शक्य असल्यास व्यायामशाळेच्या किंवा सभागृहाच्या गुळगुळीत फरशीवर थांब्याचा सराव घ्यावा. फरशी म्हणजे कृत्रिम मैदान नव्हे, परंतु चेंडूचा सरळ व वेगवान मार्ग तेथे अनुभवता येतो. याला खर्च लागत नाही, क्रीडाशिक्षकाचा वेळ मात्र लागतो.

राहता राहिला जुन्या स्टिकचा प्रश्न. साहित्य निर्लेखनाच्या वेळी लाकडी स्टिक मोडीत काढण्याची घाई बऱ्याच ठिकाणी केली जाते. नोंदवहीत त्यांची किंमत शून्याच्या जवळ पोहोचलेली असते आणि कपाटातील जागा हवी असते. ज्यांचे डोके उकललेले आहे, ज्यांच्यावर बोचऱ्या ढलप्या निघाल्या आहेत किंवा ज्यांच्या सांध्यातून खुळखुळ आवाज येतो, त्या खेळाच्या दृष्टीने धोकादायक असतात आणि काढून टाकाव्यात. ज्या सरळ आहेत, ज्यांचा ठोका अजून भरीव वाजतो, त्या नवशिक्यांच्या पहिल्या वर्षासाठी ठेवाव्यात, कारण थांबा शिकण्यासाठी त्यांच्याइतके मऊ साधन आता बाजारात सहज मिळत नाही. पावसाळ्यात त्या भिंतीला टेकवून ओलीवर उभ्या करू नयेत, आडव्या फळीवर ठेवाव्यात.